मॅटवरून पानावर: मार्शल आर्ट्सचं ट्रेनिंग कादंबरीत उतरवायचं कसं

मारामारीचे सीन जमत नाहीत म्हणून लोक ज्युदो, कराटे, बॉक्सिंग असलं काहीतरी जॉइन करतात, तीन-चार महिने अंग ठणकवून घेतात आणि मग जो चॅप्टर लिहितात तो आधीपेक्षा वाईट असतो. आधी निदान कल्पना तरी होती, आता नुसती माहिती असते. मी स्वतः हे केलंय. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सलग नऊ पानं हाणामारी होती, प्रत्येक डावाचं जपानी नाव बरोबर होतं, आणि वाचणाऱ्या मैत्रिणीने मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं होतं, "यातला कुठला कोण?"

त्यानंतर बऱ्याच जणांची हस्तलिखितं वाचली, चूक सगळ्यांची तीच, संध्याकाळी शिकलेलं रात्री पानावर ओतायचं. म्हणून हा क्रम. तो बदलू नका, आणि टप्पा 2 तर अजिबात गाळू नका, सगळ्यांना नेमका तोच गाळायचा असतो.

टप्पा 1: क्लास लावायच्या आधी

आधी कादंबरीकडे बघा, क्लासकडे नंतर. तुमच्या पात्रांमधला संघर्ष जवळून होतो की लांबून? एकाच घरात राहणारी, एकमेकांना सोडता न येणारी माणसं असतील तर पकडीचे प्रकार शिका, ज्युदो, कुस्ती, जिउ-जित्सू, कारण तिथे दुसऱ्याचं वजन, घाम, श्वास सगळं अंगावर येतं. एकमेकांना जोखणारी, संधीची वाट बघणारी माणसं असतील तर बॉक्सिंग, कराटे. हातात शस्त्र असेल तर केन्डो किंवा फेन्सिंग, तिथे अंतराचा हिशोब सगळ्यात कडक असतो, पाऊलभर चुकलात की संपलं. "सगळ्यात भारी आर्ट कुठली" हा प्रश्न लेखकाने सोडून द्यावा, त्यावर भांडायला बाकीचे आहेत.

मग एक क्लास नुसता बसून बघा. बघायचं एवढंच की जोडीने सराव किती वेळ चालतो. सगळा वेळ हवेत पंच मारणं आणि आरसा असेल तर शरीर सुधारेल पण लेखनाला फारसं काही मिळणार नाही. समोर दुसरा माणूस हवा, तोही थोडा विरोध करणारा.

पाठीचं, गुडघ्याचं किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना सांगून ठेवा की तुम्ही लेखक आहात. बाकीच्या क्लासला मात्र इतक्यात सांगू नका. एकदा कळलं ना की लोक तुमच्यासमोर अभिनय करायला लागतात, प्रत्येकाला मग आपण कादंबरीत कसे दिसू याचीच पडलेली असते.

तपासा: "मला या ट्रेनिंगमधून ___ हवंय" हे वाक्य पूर्ण करा. रिकाम्या जागी "फायटिंग" हा शब्द येत असेल तर अजून विचार करा. "घाबरलेलं असताना निर्णय कसा होतो ते" असं काहीतरी यायला हवं.

टप्पा 2: पहिले तीन महिने मारामारी लिहायची नाही

एक ओळही नाही. या काळात तुम्ही पडायला शिकता. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीशी, डोकं वर, हात शरीरापासून थोडा बाहेर आणि तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा एकदम मॅटवर आपटायचा, श्वास बाहेर. जे करायचं नाही तेच आपण आपोआप करतो, म्हणजे पडताना हात पुढे टेकवायला जातो, आणि तसंच मनगट किंवा गळ्याजवळचं हाड मोडतं.

लेखकाला याचा काय उपयोग? खूप. पडणं हे मारण्याच्या आधी शिकवतात कारण ज्याला पडायची भीती आहे तो सगळं अंग ताठ ठेवतो, आणि ताठ माणसाला फेकणं सोपं. आता तुमचा नायक आठवा. तो कधी पडतो का? पहिल्यांदा लिहिणारे आपल्या नायकाला पडूच देत नाहीत, त्याला वादात हरू देत नाहीत, मूर्ख दिसू देत नाहीत, आणि मग दोनशे पानं तो तसाच ताठ. मी स्वतः शंभरेक वेळा पाठीवर आदळलो तेव्हा कुठे माझ्या पात्राला एका लग्नात सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं धाडस झालं, आणि त्या कादंबरीतला तोच एक सीन लोकांना आठवतो.

सावधान: या काळात व्हिडिओ बघून घरी फरशीवर किंवा गादीवर प्रयोग करू नका. आणि गळा दाबायचे प्रकार तर शिकवणारा समोर नसताना कधीच नाही, "हळूच करू" म्हणून सुद्धा नाही.

टप्पा 3: क्लासनंतरची वही

सगळं काम इथे होतं म्हणून जरा सविस्तर.

कपडे बदलायच्या आधी लिहा. घरी जाऊन, आंघोळ करून लिहिलं की शरीर विसरलेलं असतं आणि डोकं गोष्टी नीटनेटक्या करून ठेवतं. पकडीचा क्लास असेल तर बोटं इतकी आखडतात की पेन धरवत नाही (मला पहिले सहा महिने स्वतःचंच अक्षर लागत नव्हतं), तेव्हा फोनमध्ये रेकॉर्ड करा, दम लागलेला असतानाच. तो दम रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो आणि नंतर लिहिताना फार कामाला येतो.

लिहायचा क्रम असा: आधी शरीर, मग चूक, मग समोरचा माणूस, सगळ्यात शेवटी डावाचं नाव. नाव आधी लिहिलं की बाकी काही लिहावंसं वाटत नाही, नावाने समाधान होतं.

माझ्या वहीतली एक नोंद, जशीच्या तशी:

"आत शिरताना दर वेळी श्वास रोखतोय, पाचव्यांदा कळलं. कॉलर घट्ट धरली की बोटांची मधली पेरं जळतात. पडल्याचा आवाज आधी आला, मी पडलोय हे नंतर. तो फेकायच्या आधी क्षणभर थांबतो, का? फेकल्यावर सॉरी म्हणाला. मला पडण्याचा राग नाही आला, सॉरीचा आला."

यात टेक्निक शून्य आहे, पण शेवटच्या दोन वाक्यांतून मला पुढे दोन भावांचं एक अख्खं प्रकरण मिळालं.

दुसरी नोंद दुसऱ्या दिवशी, तिसरी तिसऱ्या दिवशी, दोन-दोन ओळींची. सवय नसलेल्या व्यायामाने स्नायू दुखतात ते लगेच नाही, साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त दुखतात. म्हणजे तुमच्या पात्राने सोमवारी कुणाशी झटापट केली तर त्याला जिना उतरताना खरा त्रास बुधवारी होणार. ही गोष्ट वहीत तारखेसकट असेल तर तुम्ही चुकणार नाही.

नेहमीच्या चुका: वहीत सुंदर वाक्यं लिहिणं, ती कादंबरीसाठी ठेवा. फक्त जिंकलेल्या दिवशी लिहिणं. आणि पार्टनरचं खरं नाव लिहिणं, त्याऐवजी "उंच", "डावखुरा", "सॉरीवाला" असं काहीतरी लिहा, वही कधी कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

टप्पा 4: वहीतून तीन गोष्टी वेगळ्या काढा: अंतर, तोल, वेळ

तीन महिने झाले की वही सुरुवातीपासून वाचा आणि तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा. हे अजून मारामारी लिहिण्यासाठी नाही, बाकीच्या कादंबरीसाठी आहे.

अंतर. जपानी प्रकारांत याला माआई म्हणतात, दोघांमधलं अंतर आणि ते कापायला लागणारा वेळ, दोन्ही मिळून. ढोबळमानाने तीन टप्पे धरा: लांब (कुणी कुणाला लागू शकत नाही), टप्प्यात (एका पावलात लागतं), चिकटून. आता तुमचा कुठलाही संवाद घ्या आणि दर चार-पाच ओळींना मार्जिनमध्ये यातला एक शब्द लिहा. पात्रं शरीराने कुठे आहेत ते नाही, बोलण्याने कुठे आहेत ते. हवापाण्याच्या गप्पा म्हणजे लांब, दुखऱ्या जागेच्या जवळपासचं बोलणं म्हणजे टप्प्यात, आणि आता माघार नाही असं वाक्य म्हणजे चिकटून. सलग दोन पानं एकच शब्द येत असेल तर तो संवाद मेलेला आहे, मग भाषा कितीही चांगली असो.

तोल. ज्युदोत फेकीचे तीन भाग शिकवतात, कुझुशी, त्सुकुरी, काके, म्हणजे समोरच्याचा तोल मोडणं, आपण जागा घेणं आणि मग फेकणं. नवा माणूस थेट तिसऱ्यावर जातो, ताकद लावून ओढतो आणि काहीच हलत नाही. लिहिणारेही तेच करतात. एका ड्राफ्टमध्ये बहीण दारातून आत आल्या आल्या भावाला विचारते, "तू घर विकलंस ना?" पुढे दीड पान आरडाओरडा. तो सीन पुन्हा लिहिला तेव्हा असा झाला:

"माझ्या खोलीतलं कपाट तसंच आहे ना?"
"हो."
"मग त्याची चावी दे. आत्ता जाऊन आईच्या साड्या घेऊन येते."
तो फोन उलटा करून टेबलावर ठेवतो.
"विकलंस."

"हो" म्हटलं तिथेच त्याचा तोल गेला. चावी मागून तिने जागा घेतली. शेवटचा एक शब्द म्हणजे फेक, आणि त्यात प्रश्नचिन्ह नाही हे बघा, तिला आता विचारायची गरजच उरली नाही.

हूल देणंही याच खात्यातलं. उजवीकडे जातोय असं दाखवायचं, समोरचा वजन तिकडे टाकतो, मग डावीकडे. पण हूल खरी वाटायला पहिल्या हालचालीत खरंच जोर लागतो, अर्धवट हूल नवशिकाही ओळखतो. रहस्यकथेत वाचकाला चकवायचं असेल तर तुमचा खोटा संशयित सुद्धा पूर्ण ताकदीने लिहायला लागतो तो यामुळेच.

वेळ. बॉक्सिंगचा एक राउंड 3 मिनिटांचा असतो आणि मध्ये 1 मिनिट विश्रांती. ऐकायला काहीच नाही. पहिल्यांदा स्पारिंग (जोडीदाराबरोबर सरावाची लढत) करा आणि बघा, चाळीसेक सेकंदांत सगळं फेकून मोकळे होता आणि उरलेला वेळ हात वर ठेवणं हेच काम होऊन बसतं. शिवाय भीतीत वेळ ताणल्यासारखा वाटतो, नजर अरुंद होते, आवाज दबल्यासारखे येतात. माझ्या पहिल्या स्पारिंगमधलं मला फक्त समोरच्याच्या ग्लोव्हवरची सुटलेली शिवण आठवते, बाकी कोरं.

तपासा: तिन्ही रंग साधारण सारखे दिसतायत का? एखादा रंग जवळजवळ नसेल तर तुमचं तिकडे लक्षच जात नाहीये. पुढचा महिनाभर क्लासमध्ये फक्त तेवढंच बघा.

टप्पा 5: आता मारामारीचा सीन

बसायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर: कोणाला काय हवंय? कोण कुठे उभं आहे आणि बाहेर पडायची वाट कुठे? कोणाचा तोल आधीच गेलेला आहे (दारू, लाज, झोप, बूट, काहीही)? आणि किती सेकंद चालणार? शेवटचं उत्तर साठच्या वर असेल तर पुन्हा विचार करा, सवय नसलेली माणसं पूर्ण जोराने तेवढी टिकत नाहीत.

आता लिहा. आधी वाईट नमुना, असे ड्राफ्ट मी ढीगभर पाहिलेत:

"मंदारने राउंडहाउस किक मारली. विकासने ती डाव्या हाताने ब्लॉक करून उजव्या हाताने क्रॉस मारला. मंदारने खाली वाकून तो चुकवला आणि विकासच्या पोटात अपरकट मारला."

चूक काहीच नाही, फक्त वाचणारा तिसऱ्या वाक्याला पान उलटतो. तीच दोन माणसं, ट्रेनिंगच्या वहीतून लिहिलेली:

"विकासने कॉलर धरली तेव्हा मंदारला आधी बटण तुटल्याचा आवाज आला. ते कुठे पडलं ते बघायला त्याची मान वळली, खरंच वळली, आणि तेवढ्यात भिंत पाठीला लागली. हात वर घ्यायचे हे त्याला माहीत होतं पण हात विकासच्या मनगटांवर होते, नुसते धरून, जिन्याचा कठडा धरावा तसे, विकासचे ओठ हलत होते आणि मंदारच्या डोक्यात एवढंच होतं की हा शर्ट दादाचा आहे."

एकही ठोसा नाही. तोल गेलाय, अंतर संपलंय, माहीत असलेली गोष्ट करता येत नाहीये, आणि शर्ट. हे "माहीत असून करता न येणं" तुम्हाला यूट्यूब देणार नाही, ते फक्त मॅटवर कळतं.

वाक्यांच्या लांबीबद्दल एक. सगळीकडे सांगतात की ॲक्शन म्हणजे छोटी वाक्यं. मला हे पटत नाही. झटापट चालू असताना गोष्टी एकात एक मिसळतात, थांबायला जागा नसते, तिथे लांब वाक्य जास्त खरं वाटतं, आणि दोघं सुटे झाले, श्वास घेतला की वाक्य तुटतं. खात्री करायची असेल तर जागच्या जागी मिनिटभर जोरात धावा आणि त्या दमातच परिच्छेद मोठ्याने वाचा. जिथे श्वास सुटतो आणि वाक्य सुटत नाही तिथे काम बाकी आहे.

सावधान: डावाचं नाव फक्त पात्राच्या डोक्यात ते नाव येणार असेल तरच. कसलेल्या खेळाडूच्या डोक्यातही लढताना नाव येत नाही, नंतर येतं.

टप्पा 6: मारामारीनंतर

इथे सगळ्यात जास्त खोटं लिहिलं जातं, म्हणून काही गोष्टी पाठच करा.

ग्लोव्ह न घालता मुठीने डोक्यावर ठोसा मारला तर मारणाऱ्याचाच हात मोडू शकतो, करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड, त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर असंच नाव आहे. म्हणजे जिंकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सही करू शकत नाही, हे वापरा.

डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेला माणूस बहुतेक वेळा काही सेकंदांत शुद्धीवर येतो आणि गोंधळलेला असतो, तोच प्रश्न परत परत विचारतो. दोन तास बेशुद्ध राहून उठला आणि पळाला हे होत नाही, इतका वेळ बेशुद्ध म्हणजे मेंदूला गंभीर इजा, तो हॉस्पिटलचा सीन आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर शुद्ध जायला साधारण 10 सेकंद लागतात आणि ते बऱ्याचदा विलक्षण शांत असतं. उजव्या बरगड्यांखाली यकृतावर ठोसा बसला तर क्षणभर काहीच होत नाही, माणूस एखादं पाऊल टाकतोही, आणि मग अंग आपोआप दुमडतं, पूर्ण शुद्धीत असून उभं राहता येत नाही. लेखकासाठी तो मधला क्षण सोन्यासारखा आहे.

आणि थरथर. भीती उतरली की हात कापतात, कुलपात किल्ली जात नाही, काहींना मळमळतं, काहींना हसू येतं. मुका मार लालसर, मग निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो आणि पूर्ण जायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा तिसऱ्या चॅप्टरमधला काळानिळा डोळा दोन दिवसांनंतरच्या चौथ्यात गायब करू नका.

झानशिन म्हणून एक कल्पना आहे, डाव पूर्ण झाल्यावरही लक्ष सोडायचं नाही, समोरचा पडला तरी नजर त्याच्यावर. सीन शेवटच्या फटक्यावर तोडायची सवय असेल तर पुढच्या पाच-सहा ओळी लिहाच, तिथेच उभं राहून. नंतर कापा हवं तर.

टप्पा 7: रोजचा सराव

मार्शल आर्ट्सने शिस्त येते आणि शिस्तीने कादंबरी होते असं सगळे म्हणतात. आमच्या क्लासमधले निम्मे लोक रोज उशिरा येतात. त्यापेक्षा एक ठोस गोष्ट उचला. ज्युदोत उचिकोमी असते, डावात शिरायचं पण फेकायचं नाही, परत मागे, परत शिरायचं, शेकडो वेळा. तसं एका सीनची फक्त पहिली तीन वाक्यं लिहा, दहा वेगवेगळ्या प्रकारे, सीन लिहू नका. पाचव्या-सहाव्यापर्यंत तयार वाक्यं संपतात आणि सातव्याला चिडचिड होते. आठवं बघा.

लिहायचं काम क्लासच्या आधी, नंतर नाही. जोरदार स्पारिंगच्या रात्री डोकं जड असतं, त्या रात्री फक्त वही. डोक्याला मार लागून डोकेदुखी, उलटी, अंधारी असं काही वाटलं तर लेखन-बिखन बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा, आणि ते सांगेपर्यंत मॅटवर परत नाही.

टप्पा 8: तपासून घेणं

क्लासमधल्या एखाद्या विश्वासू पार्टनरला सीन वाचून दाखवा आणि दोघांनी तो अगदी हळू, चालण्याच्या गतीने करून बघा. हमखास सापडणारी चूक म्हणजे तिसरा हात: एक हात कॉलरवर, एक मनगटावर आणि तरी नायक खिशातून काहीतरी काढतोय. दुसरी म्हणजे डावखुरं पात्र मध्येच उजवं होणं. पवित्रा आधीच ठरवून ठेवा, कुठला पाय पुढे ते.

मग दोन वाचक. एक शिकलेला, एक ज्याने आयुष्यात कुणाला ढकललंही नाही असा. शिकलेला म्हणेल की इथे याच्यापेक्षा चांगला डाव होता, ते सोडून द्या, तुमच्या पात्राला तो सुचला नाही, संपलं. "हे होऊच शकत नाही" म्हणाला तरच पेन उचला. न शिकलेल्याच्या हातात कोरा कागद द्या आणि शेवटच्या क्षणी कोण कुठे उभं होतं ते काढायला सांगा. त्याला काढता आलं नाही तर त्याला समजावत बसू नका, वही काढा आणि टप्पा 4 मधलं अंतर परत मोजा.